गोधडीच्या लेबलावर क्यूआर कोड : या चुका टाळा

प्रदर्शनात मांडलेल्या गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात हल्ली क्यूआर कोडचं लेबल दिसू लागलंय. कल्पना चांगली आहे. गिऱ्हाईक मोबाइल धरतं आणि कोणत्या लुगड्या-पातळांची गोधडी, कोणाच्या हातची, धुवायची कशी, हे त्याला कळतं. पण लेबलं हातात घेऊन पाहिली की तेच ते घोळ. कोड कागदावर छापून तपासलेला असतो आणि लावलेला असतो कापडावर. कागद आटत नाही, सुईनं चुणत नाही, सोड्याच्या पाण्यात उकळत नाही. गोधडीचं आयुष्य मात्र त्यातच जातं.

फुकटचा कोड

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कोड बनवून देणाऱ्या साइट दोन तऱ्हेचे कोड देतात. स्टॅटिक कोडच्या काळ्या-पांढऱ्या चौकटींत तुमच्या पानाचा पत्ता थेट लिहिलेला असतो. असा कोड संपत नाही, त्याचं भाडं नाही. डायनॅमिक कोडमध्ये त्या साइटचाच पत्ता असतो. स्कॅन आधी तिकडे जातं आणि तिथून तुमच्या पानाकडे वळवलं जातं. वळवणारा थांबला की कोड मेला. बऱ्याच साइटवर आधी समोर येतो तो डायनॅमिक कोड, 'फ्री ट्रायल' म्हणून. घाईतल्या माणसाला तेवढंच पुरतं.

यवतमाळकडच्या एका बचत गटाचं असंच झालं. अध्यक्षताईंच्या भाच्यानं मोबाइलवर पाच मिनिटांत कोड काढून दिला. गटानं तीनशे लेबलं छापून घेतली, बायांनी ती सुबक तुरपाई करून लावली, गोधड्या मुंबईच्या प्रदर्शनात गेल्या आणि विकल्याही गेल्या. प्रदर्शनात सगळं चाललं, कारण ट्रायलची मुदत तोवर संपली नव्हती. पुढे घरी गेलेली गिऱ्हाइकं स्कॅन करू लागली, तर गोधडीच्या माहितीऐवजी 'प्लॅन विकत घ्या' असं इंग्रजी पान उघडू लागलं. एका बाईंना वाटलं, गोधडीच बनावट आहे. गटाकडे दोनच वाटा होत्या: त्या साइटला दर वर्षी डॉलरमध्ये पैसे भरत राहायचं, नाहीतर लेबलं उसवायची. घरातल्या गोधड्यांची उसवली. विकल्या गेलेल्यांचं काहीच करता आलं नाही. आणि भाचा म्हणतो, "मावशी, तेव्हा तर चालून राहिलं होतं ना!"

तेव्हा तर सगळंच चालतं. म्हणून छापायला देण्याआधी एक तपासणी करा. कोडवर कॅमेरा धरा, पण उघडू नका. स्क्रीनवर येणारा पत्ता वाचा. तिथे तुमचं नाव दिसलं तर ठीक. कोड बनवणाऱ्या साइटचं नाव दिसलं तर तो कोड टाकून द्या.

माझी पद्धत सांगतो. गटाच्या किंवा स्वतःच्या नावाचं डॉट इन डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या नावाचा पत्ता, घ्यायचं आणि कोडमध्ये फक्त तेवढं नाव आणि गोधडीचा नंबर ठेवायचा. पुढे पान फेसबुकवर न्या, दुसऱ्या साइटवर न्या, वळवायचं काम तुमच्याच हातात राहतं. डोमेन मात्र गटाच्या ईमेलवर आणि गटाच्या मोबाइल नंबरवर नोंदवा. भाच्याच्या ईमेलवर नोंदवलं आणि भाचा नोकरीला पुण्याला गेला, तर नूतनीकरणाची सूचना त्यालाच जाईल. तो पाहणार नाही, डोमेन सुटेल आणि दुसरा कोणी ते घेऊन त्यावर जुगाराच्या जाहिराती लावू शकेल. तुमच्या आजीच्या लुगड्याच्या गोधडीवरून रमीचं पान उघडलेलं चालेल का?

'तीन डोळे' शिवून टाकणं

कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात, तेच त्याचे डोळे. मोबाइल आधी तेच शोधतो आणि मग बाकीचं वाचतो. कोडमध्ये चूक दुरुस्त करण्याची सोय असते, म्हणजे काही भाग बिघडला तरी तो वाचला जातो: एल पातळीवर सुमारे 7 टक्के, एमवर 15, क्यूवर 25, एचवर 30 टक्के. हे आकडे ऐकून लोक बिनधास्त होतात. पण ही सोय आतल्या माहितीपुरती आहे. डोळ्यांना आणि भोवतीच्या पांढऱ्या पट्टीला ती लागू नाही. माहितीतला कोपरा फाटला तरी कोड वाचला जाईल. डोळा चुणला तर एच पातळीसुद्धा वाचवणार नाही.

आणि नेमका डोळाच चुणतो. लेबल आधी लावून नंतर गोधडी भरायला घेतली की धावदोऱ्याच्या ओळी त्यावरून जातात, दोरा ओढला की कापड वर येतं आणि सरळ चौकोनाच्या जागी लाटा दिसतात. ओळ अखंड राहावी हा गोधडीवाल्या बायांचा हट्ट मला मान्य आहे, पण तो लेबलापाशी सोडावा लागतो. लेबल सगळ्यात शेवटी, भरण पूर्ण झाल्यावर लावा. सुई फक्त मागच्या बाजूच्या बाहेरच्या थरातून जाऊ द्या, सगळ्या थरांतून नको. गोधडी फार उंच-सखल झाली असेल तर आधी मांजरपाटाचा दुहेरी तुकडा शिवा आणि त्यावर लेबल. जागा मागच्या बाजूला, काठापासून चार-पाच बोटं आत. अगदी कोपऱ्यात नको. झटकताना, ओढताना हात तिथेच पडतो.

दुसरा घोळ पांढऱ्या पट्टीचा. कोडभोवती चारही बाजूंनी चार चौकटींएवढी मोकळी जागा लागते. लोक कोड लेबलाच्या काठापर्यंत छापतात आणि तुरपाईसाठी काठ दुमडला की ती जागा दुमडीत जाते. मग कोड थेट छापील पातळाच्या फुलांना भिडतो आणि मोबाइलला तो सापडतच नाही. हिशोब असा ठेवा: 25 बाय 25 चौकटींचा कोड, एक चौकट 1 मिलिमीटर, दोन्हीकडे चार-चार चौकटी मोकळ्या, म्हणजे 33 मिलिमीटर. दुमडायला प्रत्येक बाजूला 8 मिलिमीटर. खाली नंबरासाठी ओळ. म्हणजे कापलेलं लेबल साधारण 5 सेंमी रुंद आणि साडेसहा सेंमी उंच. यापेक्षा लहान लेबल दिसायला नाजूक दिसतं खरं, पण वाचलं जात नाही.

कोडमध्ये सगळी कहाणी कोंबणं

पान नको, मराठी मजकूर थेट कोडमध्येच टाकू, म्हणजे इंटरनेट लागणार नाही, असं काहींचं म्हणणं. ऐकायला बरं आहे. पण देवनागरीचं एकेक अक्षर आणि एकेक मात्रा कोडमध्ये तीन-तीन बाइट खाते. अक्षरं-मात्रा मिळून 40 चिन्हांचं एक वाक्य म्हणजे 120 बाइट. एम पातळीवर त्याला 45 बाय 45 चौकटी लागतात. तो कोड त्याच 33 मिलिमीटरच्या जागेत बसवला तर एक चौकट 0.6 मिलिमीटरची होते. जाड सुती कापडात तेवढ्या जागेत जेमतेम एक-दोन धागे येतात, मग शाई पसरली की काळं-पांढरं एक.

पत्ता 24 अक्षरांचा असेल तर एम पातळीवर 25 बाय 25 मध्ये बसतो. तोच पत्ता सगळा कॅपिटल अक्षरांत दिला तर कोडला जागा कमी लागते आणि क्यू पातळीसुद्धा 25 बाय 25 मध्येच मिळते. लहान अक्षरांत त्यासाठी 29 बाय 29 लागलं असतं. फुकटात मिळणारी मजबुती आहे, घ्या. डोमेनच्या नावाला लहान-मोठं अक्षर चालतं, पण तिरक्या रेघेपुढचा भाग काही साइटवर लहान-मोठं पाळतो. म्हणून तिथे फक्त आकडे ठेवा. एच पातळीच्या मागे लागू नका, चौकटी वाढतात आणि बारीक होतात. मध्ये गटाचा लोगो तर नकोच.

छपाईचे घोळ

तालुक्याला कपावर फोटो छापून देणारा असतो, त्याच्याकडून लेबलं करून घेण्याची टूम आहे. त्याची छपाई सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेनं शाई उतरवण्याची. ती पॉलिस्टरवर पक्की बसते, सुती पट्टीवर बसत नाही. दोन धुण्यांत राखाडी होते. त्याच्याकडून करायचंच तर पांढरं पॉलिस्टर सॅटिन द्या. बारकोड प्रिंटरवर सॅटिन पट्टी छापून घेणार असाल तर रेझिन रिबन (शाईची फीत) मागा. वॅक्स रिबन स्वस्त, पण ती कागदासाठी. साबणाला टिकत नाही. घरच्या इंकजेटची साधी शाई पहिल्याच पाण्यात सुटते.

इस्त्रीनं चिकटवायच्या ट्रान्सफर कागदावर उलटं छापावं लागतं. ते विसरलं की नंबर आरशातल्यासारखा दिसतो आणि जुने स्कॅनर कोडही वाचत नाहीत. शिवाय ती पापुद्र्याची छपाई आपल्याकडच्या धुण्याला पुरी पडत नाही. दसऱ्या-दिवाळीच्या आधी गोधड्या गरम पाण्यात सोडा टाकून भिजतात, मोगरीनं बडवल्या जातात आणि टिनावर वाळत पडतात. मोगरीनं पापुद्रा तडकतो, उन्हातल्या टिनानं तो मऊ होऊन घडीला चिकटतो.

रंगाबद्दल वाद घालू नका. पांढऱ्यावर काळा. नागपूरची ओळख म्हणून संत्र्याच्या रंगाचा कोड छापलेलाही पाहिलाय. दिसायला गोड, मोबाइलला अदृश्य. काळ्या कापडावर पांढरा कोड काही मोबाइल वाचतात, काही नाही.

सुती पट्टी वापरणार असाल तर छपाईआधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून आटवून घ्या. नाहीतर लेबल आटतं, खालचं जुनं कापड आधीच आटलेलं असतं, आणि सगळीकडून चुण्या पडतात.

बाकीचे

पैशाचा यूपीआय कोड लेबलावर लावू नका. गोधडी विकल्यानंतर माहितीसाठी स्कॅन करणारं गिऱ्हाईक म्हणतं, "काहून बाप्पा, हे तर अजून पैसे मागून राहिलं!"

गूगल ड्राइव्हवर फोटो ठेवून त्याची लिंक दिली आणि शेअरिंग उघडं केलं नाही, तर गिऱ्हाइकाला 'परवानगी मागा' दिसतं. तुमच्या मोबाइलवर उघडतं कारण खातं तुमचं आहे. तपासायचं ते दुसऱ्याच्या मोबाइलवरून.

शिवणाऱ्या बाईचा वैयक्तिक मोबाइल नंबर कोडमध्ये किंवा पानावर टाकू नका. व्हॉट्सॲपच्या थेट लिंकमध्येही नंबर उघडाच असतो. गोधडी कोणाच्या घरी जाईल, कोणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही. गटाचा वेगळा नंबर ठेवा. नाव-फोटो टाकायचा तर बाईला विचारून.

पान हलकं ठेवा. एक-दोन फोटो, तेही दोनशे केबीच्या आतले. व्हिडिओ आपोआप सुरू होणारं पान खेड्यात उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येतो.

चाचणी महागड्या मोबाइलवर करू नका. चांगला कॅमेरा खराब कोडही ओढून वाचतो आणि तुमची फसगत होते. घरातला सगळ्यात जुना मोबाइल घ्या. नमुन्याचं लेबल चिंधीवर शिवा, रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवा, बडवा, उन्हात वाळवा; असं पाच वेळा. मग संध्याकाळच्या उजेडात, हातभर नव्हे तर वीतभर अंतरावरून धरा. अडीच सेंमीच्या कोडला तेवढंच अंतर जमतं. सॅटिन चमकत असेल तर मोबाइल जरा तिरपा करा.

प्रत्येक गोधडीला वेगळा नंबर असेल तर अदलाबदल होते, आणि ती घडी घालून बांधतानाच होते. कापड जोडायला घेतानाच नंबराची चिठ्ठी सेफ्टी पिननं टोचा, वहीत त्याच नंबरापुढे कोणती कापडं, माप, कोणी भरली हे लिहा, आणि पिशवीत भरण्याआधी लेबल एकदा स्कॅन करून पान त्याच गोधडीचं आहे का पाहा. घाई असते तेव्हा हीच पायरी गाळली जाते.

आणि कोडखालचा नंबर नुसता छापू नका. गडद दोऱ्यानं उलटटाक्यात काढा, तीन आकड्यांना वेळ किती लागतो? छपाई गेली, लिंक गेली, तरी वहीतलं पान त्या नंबरावरून सापडतं.