भांडी घासणाऱ्यांची नावं आधी लिहा

चर्चमध्ये मोफत जेवण ठेवणार असाल, तर रविवारच्या उपासनेनंतर "कोण कोण मदतीला येणार?" असं सगळ्यांना मिळून विचारू नका. हात बरेच वर होतात, पण येतात ते सगळे वाढायला. वहीत काम आणि वेळ लिहून एकेकाला गाठा: "मावशी, ८ ते १० भाजी चिरायला याल का?"

पहिली नावं भांडी घासणाऱ्यांची भरा. दुपारी मोठी पातेली घासायला कुणी उरत नाही आणि पहाटेपासून राबलेल्या बायकाच पुन्हा पदर खोचतात. हे बघवत नाही. सकाळच्या मंडळींना वेळेत जेवायला बसवा आणि घरी पाठवा.

१०० पानांना साधारण १० किलो तांदूळ लागतो. तो दोन खेपांत शिजवा, म्हणजे भात गरम राहतो. शिजलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त तसंच ठेवू नये.

सांगली-मिरजेत दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईकही येतात, त्यांत कर्नाटकातले पुष्कळ. दाराशी कन्नड येणारं एक माणूस नक्की उभं करा. स्वतःच्या भाषेत "ऊटा माड्री" (जेवण करा) ऐकलं की बाहेर घुटमळणारा माणूस आत येतो.