हरलेल्या मॅनेजरला पहिला प्रश्न कसा विचारावा

फुटबॉलचा सामना संपल्यावर काही वेळाने पत्रकार कक्षाचं दार उघडतं. आधी क्लबचा प्रेस ऑफिसर आत येतो, मागून मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक. संघ हरलेला असेल तर ते त्याच्या चालण्यातच दिसतं. तो खोलीकडे बघत नाही, टेबलावरच्या मायक्रोफोनांकडे बघतो. पाण्याची बाटली उचलतो, झाकण उघडतो, एक घोटही न घेता परत लावतो. प्रेस ऑफिसर म्हणतो, "हं, विचारा." आणि खोलीतले सगळे आपापल्या वहीत डोकं घालतात.

त्या शांततेत पहिला प्रश्न विचारायची हिंमत व्हायला मला पाच वर्षं लागली. आता फुटबॉलचं वार्तांकन करून एकोणीस वर्षं झाली. या खोलीत नव्याने येणाऱ्यांनी पाच वर्षं वाट बघू नये, म्हणून हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. मॅनेजर आणि पत्रकार यांच्यात ताण राहणारच. शनिवारी कोण खेळणार, कोणाचा गुडघा दुखतोय, ड्रेसिंग रूममध्ये कोणाचं कोणाशी वाजलं, हे त्याला झाकून ठेवायचं असतं आणि आपल्याला तेच हवं असतं. हा ताण घालवायच्या मागे लागू नका. त्यातला किती आपल्या हलगर्जीपणाने वाढतो, तेवढं मात्र ओळखायला शिका, कारण तेवढंच आपल्या हातात असतं.

प्रश्न सामना चालू असतानाच तयार होतो

माझ्या वहीत डाव्या पानावर सामना असतो, उजव्या पानावर प्रश्न. डावीकडे मिनिटासकट नोंद करायची: ५१, डावा बॅक मधल्या फळीत यायचा थांबला. ६३, दोन बदल एकदम, पण आखणी तीच. ऐंशीव्या मिनिटापर्यंत उजवीकडे तीन प्रश्न जमतात. त्यातले दोन खोडायचे. शेवटच्या शिट्टीबरोबर डेस्कला बातमी पाठवायची असते, त्या घाईत नवा प्रश्न सुचत नाही. सुचला तर तो बहुधा "आजच्या निकालाबद्दल काय वाटतं?" असाच असतो.

मॅनेजर आपल्यासमोर येतो तेव्हा तो कुठून कुठून आलेला असतो, हेही लक्षात ठेवा. मोठ्या लीगमध्ये प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या वाहिन्यांचा मान पहिला. मैदानाच्या कडेला जाहिरातींच्या फलकासमोर उभं राहून तो एकामागून एक मुलाखती देतो, मग रेडिओ, मग आपण. सामन्यात एखादी वादग्रस्त पेनल्टी झाली असेल तर तिच्याबद्दल त्याला चार वेळा विचारून झालेलं असतं. पाचव्यांदा तुम्ही विचारलंत की चार जणांवरचा राग तुमच्यावर निघतो. म्हणून तो यायच्या आधी खोलीतल्या टीव्हीवर त्याची मुलाखत ऐका, नाहीतर प्रेस ऑफिसरला विचारा, "पेनल्टीवर काय बोलले?" तो सांगतो. प्रेस ऑफिसरलाही ही पत्रकार परिषद नीट पार पडलेली हवी असते.

एक प्रश्न, लहान प्रश्न, आणि मग गप्प

"आजची कामगिरी लाजिरवाणी होती असं तुम्हाला वाटतं का?" हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे, सुरुवातीच्या वर्षांत विचारलाही आहे. यात अडचण अशी की मॅनेजर 'हो' म्हणाला तरी मथळ्यात 'लाजिरवाणी', 'नाही' म्हणाला तरी मथळ्यात 'लाजिरवाणी'. हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. मग तो सामना सोडून त्या शब्दाशीच भांडत बसतो. त्याऐवजी वहीचं डावं पान वापरा: "एक्कावन्नाव्या मिनिटानंतर डावा बॅक मधे येत नव्हता. ते तुम्ही सांगितलं होतं का?" याला तो 'हो' म्हणाला तर डावपेचांची बातमी, 'नाही' म्हणाला तर त्याहून मोठी बातमी. प्रश्न तितकाच कठीण आहे, पण त्यात डिवचणं नाही.

शब्दांची निवड किती महागात पडते, त्याचं एक उदाहरण देते. मार्च २०२४ मध्ये एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल मँचेस्टर युनायटेडकडून जादा वेळेत ४-३ ने हरलं. एका डॅनिश वाहिनीच्या वार्ताहराने लिव्हरपूलचे तेव्हाचे मॅनेजर युर्गेन क्लॉपना विचारलं की जादा वेळेत संघाचा नेहमीचा जोर का दिसला नाही. क्लॉप चिडले, प्रश्न मूर्खपणाचा असल्याचं म्हणाले आणि मुलाखत सोडून निघून गेले. मला विचाराल तर प्रश्नाचा विषय चुकीचा नव्हता, आणि निघून जाणं मला पटलेलं नाही. पण एकशेवीस मिनिटं धावून आलेल्या संघाच्या मॅनेजरला 'जोर का नव्हता' हे ऐकताना 'मेहनत का केली नाही' असंच ऐकू येतं. "जादा वेळेत कोणाचे पाय सगळ्यात आधी जड झाले?" असं विचारलं असतं तर त्याच विषयावर कदाचित उत्तर मिळालं असतं.

आणखी एक. प्रश्न विचारून झाला की थांबा. उत्तराआधी दोन-तीन सेकंद जातात, ते जड वाटतात, आणि आपण घाबरून "म्हणजे, मला असं म्हणायचं होतं की..." सुरू करतो. मॅनेजर मग त्या दुसऱ्या, सोप्या अर्ध्या भागाचं उत्तर देऊन मोकळा होतो. मी टेबलाखाली अंगठ्याचं नख बोटात रुतवते आणि तोंड बंद ठेवते. अजूनही.

तो नेमका कोणाशी बोलतोय?

मॅनेजर बोलतो आपल्यासमोर, पण अनेकदा ते शब्द दुसऱ्याच कोणासाठी असतात. लेकी बोले सुने लागे. हे ओळखता आलं की अर्धा राग अंगाला लागत नाही.

१० मार्च १९९८ ला बायर्न म्युनिकचे मॅनेजर जोव्हानी ट्रापाटोनी पत्रकारांसमोर साडेतीन मिनिटांच्या आसपास कडाडले. टेबलावर हात आपटत, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. समोर पत्रकार होते, निशाणा स्वतःचे खेळाडू होते. मार्च २०२३ मध्ये टॉटनहॅमने साउदॅम्प्टनविरुद्ध ३-१ ची आघाडी घालवून ३-३ अशी बरोबरी केली, त्यानंतर टॉटनहॅमचे मॅनेजर अँटोनियो कोन्टेंनी खेळाडूंना स्वार्थी म्हटलं आणि क्लबच्या मालकांनाही सोडलं नाही. आठ दिवसांत ते क्लबमधून बाहेर पडले होते. एप्रिल २०११ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी बार्सिलोनाचे मॅनेजर पेप गार्डिओला माद्रिदमध्ये रेआलच्याच पत्रकार कक्षात बसून रेआलचे मॅनेजर मोरिन्होंबद्दल म्हणाले की या खोलीतला बॉस तोच आहे, इथे मला त्याच्याशी स्पर्धा करायची नाही. दुसऱ्या दिवशी बार्सिलोना २-० ने जिंकलं.

या तिन्ही वेळी खोलीतल्या पत्रकाराचं काम काय होतं? मधे न पडणं, नीट टिपून घेणं, आणि संपल्यावर एकच प्रश्न: "हे तुम्ही त्यांना समोरासमोर सांगितलंय का?" या प्रश्नाने मला आजवर दोनदा खरी बातमी दिली आहे.

भडकलाच तर

एप्रिल २०१५ मध्ये लेस्टर चेल्सीकडून ३-१ ने हरल्यावर लेस्टरचे मॅनेजर नायजेल पिअरसन म्हणाले की आमच्या खेळाडूंवर फार टीका झाली. एका पत्रकाराने विचारलं, कोणती टीका? पिअरसननी त्याला शहामृग म्हटलं, वाळूत डोकं खुपसून बसला आहेस का असं सुनावलं, आणि निघून गेले. पुढे माफी मागितली. ती चित्रफीत मी नव्या मुलांना दाखवते ती त्या पत्रकारासाठी. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही, आपण साधाच प्रश्न विचारला आहे हे शांतपणे सांगत राहिला.

तेच करा. रेकॉर्डर चालू ठेवा, नजर खाली घालू नका, प्रश्न त्याच शब्दांत एकदाच पुन्हा विचारा. त्याने टाळलं तर 'उत्तर दिलं नाही' असं लिहा. शब्दाला शब्द वाढवला की दुसऱ्या दिवशी बातमी तुमच्या भांडणाची होते आणि सामना बाजूला राहतो. शेजारी बसलेल्यांनाही काम आहे: सहकाऱ्याचा रास्त प्रश्न उडवून लावला गेला तर पुढचा प्रश्न विचारणाऱ्याने तोच विचारावा. एकट्या पत्रकाराला गप्प करणं सोपं, तिघांना नाही.

पण रागाला सीमा असते. मार्च २०१७ मध्ये संडरलंडचे मॅनेजर डेव्हिड मोयेस कॅमेरा बंद झाला असं समजून एका महिला वार्ताहराला म्हणाले की तू बाई असलीस तरी थोबाडीत खाशील. तिने विचारलेलं एवढंच होतं की मालक सामना बघायला आल्याने दडपण वाढलं का. मोयेसनी माफी मागितली, फुटबॉल असोसिएशनने ३०,००० पौंड दंड केला. असं काही तुमच्या बाबतीत झालं तर 'हारला बिचारा, रागात बोलला' म्हणून गिळू नका. वेळ, शब्द, कोण हजर होतं हे त्याच रात्री लिहून ठेवा आणि संपादकाला कळवा. मी माझ्या तिसऱ्या वर्षी एकदा गिळलं. पुढच्या वेळी त्याच माणसाने तेच माझ्यानंतर आलेल्या मुलीला ऐकवलं.

मॅनेजरने किंवा क्लबने तुमच्यावर बंदी घातली तर? मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर सर अॅलेक्स फर्ग्युसन २००४ मधल्या एका माहितीपटावरून बीबीसीशी २०११ पर्यंत बोलले नाहीत. त्यात त्यांच्या मुलावर आरोप होते. सात वर्षं त्यांच्याऐवजी सहाय्यक प्रशिक्षक कॅमेऱ्यासमोर येत राहिले आणि वार्तांकन थांबलं नाही. तुम्हीही थांबू नका. सहाय्यक, माजी खेळाडू, प्रतिस्पर्धी संघ, प्रेक्षकांतल्या जागेवरून दिसणारा सामना, एवढं पुरेसं असतं. परत आत घेतील म्हणून मवाळ लिहायला लागलात, तर बंदीने जे साधलं नसतं ते तुम्हीच साधून दिलंत.

मथळा तुम्ही लिहीत नाही, पण नाव तुमचंच असतं

मराठीत आपल्याला साधं 'म्हणाला' पुरत नाही. 'टोला लगावला', 'कान उपटले', 'घरचा आहेर दिला'. मॅनेजरने फक्त "आम्ही दुसऱ्या सत्रात थकलो" म्हटलेलं असतं आणि मथळ्यात तो खेळाडूंवर बरसतो. मथळा डेस्कवर होतो हे त्याला सांगून उपयोग नाही. म्हणून बातमी पाठवली की फोन करून मथळा विचारून घ्या. मी आजही करते, आणि डेस्कवरची मंडळी वैतागतात. भाषांतरातही जपा. मॅनेजर स्पॅनिशमध्ये बोलला, दुभाष्याने इंग्रजी केलं, आपण मराठी केलं, या तीन उड्यांमध्ये 'निराश' माणूस 'संतप्त' होतो. शंका असेल तर अवतरणचिन्हं काढा आणि आशय सांगा.

सामन्याआधीच्या शुक्रवारच्या पत्रकार परिषदेत काही भाग रात्रीपर्यंत छापायचा नाही असं ठरलेलं असेल, तर तो रात्रीपर्यंत छापायचा नाही. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

माझी चूक

एका शुक्रवारी सकाळी मला कळलं की शनिवारी गोलकीपर बदलणार. दोन ठिकाणांहून खात्री केली आणि दुपारी बाराला बातमी लावली. बातमी शंभर टक्के खरी होती. दुपारी परिषद झाल्यावर मॅनेजरने मला बाहेरच्या बोळात थांबवलं. मी ओरडा खायच्या तयारीत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "मी त्याला तीन वाजता सांगणार होतो. त्याने मसाजच्या टेबलावर पडल्यापडल्या फोनवर वाचलं. बावीस वर्षांचा आहे तो." आणि गेला.

त्या दिवशी मी एक फोन करायला हवा होता. प्रेस ऑफिसरला: "मी ही बातमी लावते आहे. मुलाला कळलंय का?" यात परवानगी मागणं नाही. बातमी आपली, वेळही आपण ठरवायची. पण ज्या माणसाबद्दल ती आहे त्याला ती आधी कळावी, एवढी जागा ठेवता येते. दोघांना माहीत असलेली बातमी तीन तासांत फुटलीही असती कदाचित. तरी आज मी तो फोन करते, खेळाडूला वगळणं असो, दुखापत असो, हकालपट्टी असो.

त्या मॅनेजरने मला शब्दाने कधी काही म्हटलं नाही, बंदीही घातली नाही. फक्त माझ्या प्रश्नाला उत्तर देताना तो माझ्या शेजारच्याकडे बघायचा. मी दर शुक्रवारी जाऊन त्याच खुर्चीत बसायचे, कारण कठोर किंवा चुकीचं काही छापल्यावर पुढच्या परिषदेला तोंड चुकवणं मला सगळ्यात वाईट वाटतं. सात आठवडे गेले. आठव्या आठवड्यात तो मुलगा पुन्हा संघात आला आणि सामना १-० असा वाचवला. मी विचारलं, "कॉर्नरच्या वेळी तो आता पाऊलभर पुढे उभा राहतो. हे कधी बदललं?" मॅनेजरने बाटली खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, आणि कॉर्नरबद्दल तीन मिनिटं बोलला.