ट्रक ड्रायव्हरची नोकरी शोधताना या चुका टाळा

घाट असो, पाऊस असो, रात्रीचं ड्रायव्हिंग असो, हात बसलेला आहे. तरीही अर्जामागून अर्ज जातात आणि कुठूनच फोन येत नाही. अशा ड्रायव्हरला वाटतं, ओळख नाही म्हणून अडलंय. ओळखीचा फायदा होतो, नाही असं नाही. पण अर्ज चाळणाऱ्या माणसाला तुमचं स्टिअरिंग दिसत नसतं. त्याच्यापुढे असतात लायसन्स, अनुभवाचा तपशील आणि अपघात-दंडाची नोंद. बरेचसे अर्ज या कागदांवरच बाद होतात.

फोनच येत नाही

पहिली चूक म्हणजे 'हेवी लायसन्स आहे' एवढंच लिहून मोकळं होणं. हेवीतही प्रकार आहेत. युरोपात सुट्या ट्रकला 'सी' आणि मोठा ट्रेलर जोडलेल्या ट्रकला 'सीई' असा वेगळा वर्ग लागतो. अमेरिकेत साधारण तीच विभागणी 'बी' आणि 'ए' अशी आहे. तिथे परीक्षा ऑटोमॅटिक गिअरच्या ट्रकवर दिली, तर मॅन्युअल गिअरचा व्यावसायिक ट्रक चालवता येणार नाही अशी अट लायसन्सवर छापली जाते. एअर ब्रेकच्या, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या, परीक्षेचंही तसंच: ती दिली नाही, तर तसे ब्रेक असलेला ट्रक चालवता येत नाही. सोपं पडावं म्हणून ऑटोमॅटिकवर परीक्षा द्यायची आणि पुढे निम्म्या जाहिराती हातच्या घालवायच्या, हा सौदा मला तरी महागाचा वाटतो.

इंधन, रसायनं, गॅस असा धोकादायक माल न्यायचा तर जवळपास सगळीकडे वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी नोंद लागते. भारतात ती लायसन्सवर होते. युरोपात त्यासाठी एडीआर प्रमाणपत्र असतं आणि त्याची मुदत ५ वर्षं. युरोपातल्या व्यावसायिक ड्रायव्हरला शिवाय दर ५ वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. ते राहिलं, तर लायसन्स चालू असूनही पगारी ट्रकवर बसता येत नाही. म्हणून अर्जात लायसन्सचा वर्ग, त्यावरच्या नोंदी, लायसन्सची मुदत आणि वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत या चार गोष्टी अगदी वरच लिहा. मुदत दोन महिन्यांवर आली असेल तर आधी नूतनीकरण करा आणि मग अर्ज पाठवा.

अनुभवाची ओळही बहुतेक जण वाया घालवतात. '१० वर्षांचा अनुभव' यातून कुणाला काय कळणार? तेच असं लिहून बघा: '४० फुटी कंटेनर ट्रेलर, ३ वर्षं, बंदर ते गोदाम, बहुतेक रात्रीच्या फेऱ्या. त्याआधी २ वर्षं टिपर, खाणीतला कच्चा रस्ता.' दोन ओळींत वाचणाऱ्याला तुमची गाडी, माल आणि रस्ता तिन्ही दिसतात. ताडपत्री आणि दोर बांधता येणं, यंत्रं साखळीने जखडता येणं, थंड कंटेनरचं तापमान सांभाळता येणं, हे तुम्हाला किरकोळ वाटत असेल, तरी लिहा. माल खराब झाला की मालकाचं ग्राहकाशी वाजतं, त्यामुळे तो हे वाचतोच.

लपवलेला अपघात

सगळ्यांत जास्त नुकसान याच चुकीने होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

अर्जात 'अपघात: नाही' असं लिहायचं आणि तो कुणाला सापडणार नाही असं धरून चालायचं, हे दिवस बऱ्याच देशांत संपले. अमेरिकेत व्यावसायिक लायसन्सवाल्याला अर्जात मागच्या १० वर्षांच्या ड्रायव्हिंगच्या नोकऱ्या द्याव्या लागतात, आणि नव्या मालकाला किमान ३ वर्षांतल्या जुन्या मालकांकडे चौकशी करणं बंधनकारक आहे. त्यांच्या सरकारी नोंदीतून ड्रायव्हरचे ५ वर्षांतले अपघात आणि ३ वर्षांतल्या रस्त्यावरच्या तपासण्या काढता येतात. नशेच्या चाचणीत नापास झाल्याची नोंदही २०२० पासून एकाच ठिकाणी जमा होते, त्यामुळे कंपनी बदलून ती पुसली जात नाही. जिथे एवढी व्यवस्था नाही, तिथे विमा कंपनी विचारते किंवा जुन्या मालकाला एक फोन जातो.

अपघात झालेल्या ड्रायव्हरला काम मिळतच नाही असं नाही. खोटं पकडलं गेलेल्याला मात्र सहसा दुसरी संधी मिळत नाही. म्हणून आपणहून, थोडक्यात सांगा: कधी, काय झालं, चूक कुणाची ठरली, त्यानंतर तुम्ही काय बदललं. 'गोदामात रिव्हर्स घेताना खांबाला घासली, चूक माझी, तेव्हापासून उतरून बघितल्याशिवाय मागे घेत नाही.' एवढं पुरतं. समोरच्याला, रस्त्याला आणि जुन्या मालकाला दोष देत पंधरा मिनिटं बोललात, तर ऐकणारा मनातल्या मनात फाईल मिटतो. मधल्या रिकाम्या महिन्यांचंही असंच: आजारपण, घरचं काम, शेती, जे असेल ते एका ओळीत लिहा. कोरी जागा दिसली की माणूस वाईटच कल्पना करतो.

अनुभव नाही म्हणून नकार

नव्या ड्रायव्हरला लहान मालक नाही म्हणतो, त्यामागे बऱ्याचदा विम्याची अट असते. त्यावर वाद घालून उपयोग नाही. जिथे नव्याला जुन्या ड्रायव्हरसोबत बसवून शिकवतात अशा मोठ्या ताफ्याकडे जा, किंवा यार्डात ट्रेलर हलवण्याचं, टिपरचं, जवळच्या वाटपाचं काम घ्या. लांब पल्ल्याचाच ट्रक हवा असा हट्ट धरून वर्षभर घरी बसणं सर्वांत वाईट. आणि पहिली नोकरी दोन महिन्यांत सोडू नका. शिकवणारी कंपनी बहुधा करार करून घेते, त्यात आधी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत द्यावा लागतो. ते कलम सहीआधी वाचायचं असतं.

चालवून दाखवताना गडबड

चाचणी किल्ली फिरवल्यावर सुरू होते हा गैरसमज आहे. परीक्षक तुम्ही गाडीकडे कसे चालत जाता तेव्हापासून बघतो. थेट केबिनमध्ये चढलात तर निम्मं मत तिथेच बनतं. आधी एक फेरी मारा: टायर, चाकाचे नट, खाली तेलाचा ओघळ, दिवे, ट्रेलरची जोडणी. जोडणी नुसती बघू नका, वाकून लॉक बसलंय का ते तपासा आणि मग ट्रेलरचे ब्रेक लावून हलकीशी ओढ देऊन खात्री करा.

एअर ब्रेकची तपासणी तोंडाने सांगत करा. अमेरिकेतल्या परीक्षेत इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबला, की ट्रेलरसह गाडीची हवा मिनिटाला ४ पीएसआयपेक्षा (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त उतरता कामा नये, सुट्या ट्रकची ३. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, पण काटा बघत थांबणारा ड्रायव्हर कुठल्याही देशात ओळखू येतो.

रिव्हर्समध्ये घाई करणारे जास्त पडतात. गाडी पुढे घेऊन पुन्हा सरळ करणं ही कमतरता नव्हे. खाली उतरून मागे बघून येणं तर नव्हेच. शंका आली की थांबा, उतरा, विशेषतः तुम्ही बसता त्याच्या उलट बाजूला, जिथे आरसा अपुरा पडतो.

काम मिळालं, हिशेब जुळत नाही

'पगार किती' विचारून गप्प बसणारे पहिल्या महिन्यातच चिडतात. विचारायचं असतं ते हे: पैसे किलोमीटरवर, फेरीवर की महिन्यावर? रिकाम्या परतीचे मिळतात का? माल भरायला आठ तास ताटकळलो तर त्याचं काय? दंड कुणाचा? वाटेत गाडी बंद पडली तर मुक्कामाचा खर्च कुणाचा? उत्तरं लेखी मागा, निदान मेसेजवर तरी.

मग स्वतः गुणाकार करा. युरोपात रोज ९ तास चालवता येतं, आठवड्यातून दोनदा १०, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. अमेरिकेत ड्रायव्हिंगची मर्यादा ११ तास आहे. भारतात १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ होते; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. आता ताशी सरासरी ५५ किलोमीटर धरा, तीही मोकळा रस्ता मिळाला तर. ९ तासांत झाले ४९५. कुणी रोज ८०० किलोमीटरच्या हिशेबाने कमाई सांगत असेल, तर तो तुमची झोप विकतोय, आणि पकडलं गेल्यावर लायसन्स तुमचंच जाईल.

'हप्ते आमच्याकडेच फेडा, ट्रक तुमचाच होईल' या योजनेपासून नव्याने तर लांबच राहावं. हप्ता, डिझेल, दुरुस्ती तुमच्या माथी, आणि फेऱ्या देणं न देणं मात्र त्यांच्या हाती. अमेरिकेत सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने २०२५ मध्ये अशा करारांवर बंदीच घालावी, अशी शिफारस केली.

परदेशातल्या कामासाठी एजंट पैसे मागतो

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा करार क्रमांक १८१ सांगतो की खासगी एजन्सीने कामगाराकडून शुल्क घेऊ नये. प्रत्यक्षात अनेक देश मर्यादित शुल्काला परवानगी देतात. तरीही मुलाखतीआधीच रक्कम मागितली, पर्यटक व्हिसावर जा म्हटलं किंवा मूळ पासपोर्ट ठेवून घेतला, तर तिथूनच परत फिरा. भारतातून जाताना एजंट १९८३ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढून देतो, त्यावर तिकडे ट्रक चालवा, असं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. ते पाहुण्यासाठी असतं. नोकरीला त्या देशाचं लायसन्स किंवा तिथल्या नियमाने केलेली बदली लागते.

जुनी नोकरी सोडताना

कितीही राग आला तरी माल भरलेला ट्रक वाटेत टाकून घरी येऊ नका. गाडी ठरलेल्या जागी आणा, टायर, काच, डिझेल आणि मीटरचे फोटो काढा, चावी आणि कागद देऊन पोच घ्या, आणि अनुभवाचं पत्र त्याच दिवशी मागा. महिन्याभराने ते देणारा माणूस जागेवर असेलच असं नाही, आणि नव्या कंपनीचा पहिला फोन त्यालाच जाणार असतो.