मासेमारीची होडी ओढण्यासाठी कुटुंबाची पिकअप निवडताना: खरेदीपूर्व तयारीची यादी

होडी ओढायची आणि त्याच गाडीतून मुलाबाळांसह रोजचा प्रवासही करायचा, असा दुहेरी विचार मनात असेल, तर तयारीची सुरुवात गाडीपासून नव्हे, होडीपासून करावी. होडीच्या माहितीपत्रकात दिलेले वजन बहुतेक वेळा नुसत्या सांगाड्याचे असते. त्यात इंजिन, इंधन, बॅटऱ्या, नांगर आणि ट्रेलर यांपैकी काहीच धरलेले नसते. साधारण साडेपाच मीटर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या होडीचे उदाहरण घेऊ. सांगाडा ५५० किलो, ११५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन सुमारे १७० किलो, १०० लिटर पेट्रोल सुमारे ७५ किलो, शिसे-आम्लाच्या तीन बॅटऱ्या आणखी ७५ किलो, नांगर, गळ, लाइफ जॅकेट व बर्फाची पेटी मिळून ८० किलो आणि ट्रेलर ३५० किलो धरला, तर बेरीज १,३०० किलोवर जाते. मासे जिवंत ठेवण्याची टाकी भरलेली राहिली, तर प्रत्येक लिटरमागे एक किलो वाढतो. हा हिशेब कागदावर करून थांबू नये. प्रवासाला निघताना असते तशी होडी भरून, ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्यावी आणि येणारा आकडाच पुढच्या सर्व निर्णयांना आधार मानावा.

यानंतर जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा, म्हणजे ओढण्याची कमाल क्षमता, थोडा वेळ बाजूला ठेवावा. कुटुंबवत्सल माणसाची गाडी सहसा ओढण्याच्या क्षमतेत कमी पडत नाही. ती कमी पडते पेलोडमध्ये, म्हणजे स्वतःच्या चाकांवर माणसे व सामान वाहून नेण्याच्या क्षमतेत. ट्रेलरचा जो भार हिचच्या, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडाच्या, गोळ्यावर उभा दाबला जातो, तोही याच पेलोडमधून वजा होतो, हे विक्रेते आपणहून क्वचितच सांगतात. होडीच्या ट्रेलरवर हा भार सामान्यतः एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के ठेवला जातो. तो फार कमी झाला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि फार वाढला तर गाडीची मागची बाजू दबून पुढच्या चाकांची पकड कमी होते. नेमका आकडा मात्र ट्रेलर व गाडीच्या उत्पादकाने दिलेलाच पाळावा.

वरच्या होडीचा १० टक्के भार म्हणजे १३० किलो झाले. त्यात दोन मोठी माणसे व दोन मुले यांचे २०० किलो, मुलांच्या आसनांचे १५, मागच्या हौद्यावर बसवलेल्या टपाचे ७०, हिचच्या सामग्रीचे २० आणि सामानसुमानाचे १०० किलो मिळवले, तर ५३५ किलो भरतात. गाडीचा पेलोड ६०० किलो असेल तर उरले ६५. आजी सोबत निघाल्या की तेही संपले. म्हणून पेलोडचा आकडा त्या मॉडेलच्या सरसकट माहितीतून न घेता, आपण घेणार असलेल्या नेमक्या गाडीवरून घ्यावा. अनेक गाड्यांत तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो, तर काही ठिकाणी कमाल अनुमत वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून काढावा लागतो. सनरूफ, मोठी चाके, चामड्याची आसने असलेल्या महागड्या आवृत्तीचा पेलोड त्याच मॉडेलच्या साध्या आवृत्तीपेक्षा कमी असू शकतो. रिकाम्या गाडीच्या वजनात चालकाचे ७५ किलो आधीच धरले आहेत की नाहीत, हेही विचारावे, कारण ही पद्धत सर्वत्र एकसारखी नाही.

तिसरा आकडा गाडी व ट्रेलर मिळून होणाऱ्या कमाल वजनाचा. समजा, ही मर्यादा ५,८०० किलो असून गाडी ३,५०० किलोचा ट्रेलर ओढू शकते असे म्हटले आहे. ट्रेलर खरोखर तेवढा भरला तर गाडीच्या वाट्याला २,३०० किलो राहतात, आणि रिकामी गाडीच २,१५० किलोची असेल तर माणसे व सामान मिळून १५० किलोच चढवता येतात. आपली होडी या टोकाच्या बरीच अलीकडे असेल तर चिंता नाही, पण पुढे मोठी होडी घेण्याचा विचार असल्यास हे गणित आजच मांडून ठेवावे.

बसण्याची व्यवस्था पाहताना चार पूर्ण दारांच्या डबल कॅबखेरीज दुसरा पर्याय विचारात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या अर्ध्या दारांच्या कॅबमधील मागची बैठक सामान ठेवण्यापुरतीच बरी. मुलांची आसने सोबत नेऊन ती दुकानातच गाडीत बसवून पाहावीत. मागे तोंड करून बसवायचे आसन लावल्यावर पुढच्या माणसाचे गुडघे कुठे येतात, हे माहितीपत्रकातल्या मोजमापावरून कळत नाही. पिकअपमध्ये आसनाचा वरचा पट्टा अडकवण्याची जागा मोटारीसारखी उघड नसते. काही गाड्यांत मागच्या बैठकीची पाठ पुढे पाडून, तिच्या मागच्या कापडी कडीतून पट्टा ओवून तो शेजारच्या कडीत अडकवावा लागतो. हे काम एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिले, की ती गाडी रोजच्या शाळेच्या धावपळीत चालेल की नाही याचा अंदाज येतो. मागच्या बैठकीची पाठ फार ताठ आहे का, मागे वातानुकूलनाचे झरोके आहेत का आणि लहान मूल पायरीवरून स्वतः चढू शकते का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

होडी पाण्यात सोडण्याचा उतार हीच या गाडीची खरी परीक्षा. तिथे मागची चाके पाण्याच्या कडेला, शेवाळ धरलेल्या ओल्या काँक्रीटवर असतात, आणि पाण्याने जड झालेला ट्रेलर वर खेचायचा असतो. अशा वेळी पुढच्या चाकांनाही ताकद मिळाली तर गाडी जागच्या जागी न घसरता निघते. म्हणून चारचाकी चलन, आणि शक्य असल्यास कमी वेगात जास्त ताकद देणारा लो रेंज गिअर, अवश्य घ्यावे. मात्र साध्या पार्ट-टाइम प्रकारचे चारचाकी चलन कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरू नये, कारण वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग वेगळा असतो आणि त्याचा ताण यंत्रणेवर येतो. उतारावर ऑटोमॅटिक गाडी थांबवताना आधी न्यूट्रलमध्ये हँडब्रेक ओढून सगळे वजन त्यावर येऊ द्यावे आणि मगच पार्कमध्ये टाकावे, म्हणजे गिअरबॉक्समधल्या छोट्या खिट्टीवर भार येत नाही. चाकांमागे लावायचे दोन ठोकळे गाडीत कायम ठेवावेत. होडी सोडताना मुले गाडीत नसावीत आणि उताराच्या वाटेतही नसावीत.

हिच, ब्रेक व वायरिंग यांची तपासणी खरेदीच्या अटींतच लिहून घ्यावी. हिचचा गोळा आणि ट्रेलरची वाटी एकाच मापाची हवी; ५० मिलिमीटर व दोन इंच ही मापे जवळची आहेत, तर पावणेदोन-दोन इंचांच्या दरम्यानचे जुने माप त्यांहून लहान, आणि लहान गोळ्यावर मोठी वाटी बसल्यासारखी वाटली तरी खड्ड्यात उसळून सुटू शकते. अनेक देशांत ७५० किलोंच्या पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. होडीच्या ट्रेलरचे चाक पाण्यात बुडत असल्याने तिथे बहुधा ओव्हररन पद्धतीचे ब्रेक असतात, जे ट्रेलर पुढे ढकलला गेल्यावर आपोआप लागतात. त्यात डिस्क ब्रेक असतील तर चढावर मागे घेताना ते धरू नयेत म्हणून रिव्हर्सच्या दिव्याची वायर जोडणारा प्लग लागतो, आणि ही वायर गाडीच्या सॉकेटमध्ये आहे का ते बघावे. सुरक्षा साखळ्या अडकवण्याच्या कड्या भक्कम हव्यात. साखळ्या जोडाखाली एकमेकींना छेद देऊन लावतात.

इंजिनाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. एवढ्या होडीसाठी आजची बहुतेक टर्बो इंजिने पुरतात. गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर, टो-मोड (ट्रेलर ओढताना गिअर बदलण्याची वेगळी पद्धत) आणि ट्रेलर डोलू लागल्यास सावरणारी यंत्रणा मात्र असाव्यात. विजेवर चालणारी पिकअप ओढण्याची ताकद भरपूर देते, पण होडी जोडल्यावर पल्ला जवळपास निम्म्यावर येऊ शकतो आणि अनेक चार्जिंग केंद्रांवर ट्रेलर सोडूनच गाडी लावावी लागते. तळे जवळ असेल तर हरकत नाही, लांब असेल तर हा त्रास कुटुंबासह नकोसा होतो.

चाचणीसाठी रिकामी गाडी चालवून समाधान मानू नये. विक्रेत्याची परवानगी घेऊन आपला ट्रेलर जोडून चढ-उतार करावा, आणि ट्रेलरच्या रुंदीच्या पलीकडचा रस्ता आरशांत दिसतो का, मागच्या कॅमेऱ्यात गोळा नीट दिसतो का, ते पाहावे. घराच्या गाडीखान्याची लांबी मोजून न्यावी. हिच बाहेर ठेवून दार बंद होत नसेल तर काढता-घालता येणारा हिच मागावा. आपल्या परवान्यावर एवढे एकत्रित वजन चालवता येते का, आणि विम्यात ट्रेलर व होडीचा समावेश आहे का, हे करारावर सही करण्याआधी लेखी विचारून घ्यावे. खाऱ्या पाण्यात होडी न्यायची असल्यास चेसिसच्या आतल्या बाजूचा गंजरोधक थर तपासावा आणि प्रत्येक फेरीनंतर गाडीचा तळ, हिच व ट्रेलरचे ब्रेक गोड्या पाण्याने धुण्याची सोय घरी आहे का, तेही पाहून ठेवावे.