दोन आरसीसीबी, एक न्यूट्रल

स्वयंपाकघरातली नवी २० वॅटची एलईडी पट्टी लावली की डीबीतले (घराच्या मुख्य वीज-बोर्डातले) दोन्ही आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारे स्विच, एकदम पडायचे. एक हॉलचा, एक स्वयंपाकघराचा. आठवडाभर मी पट्ट्याच बदलत बसलो. वायरमनदादांनी बोर्ड उघडला, तर पट्टीची फेज (करंट आणणारी वायर) हॉलची आणि न्यूट्रल (परतीची वायर), जवळ पडली म्हणून, स्वयंपाकघराची! आरसीसीबी गेलेला आणि परतलेला करंट ताडून बघतो; इथे पट्टीचा करंट एकातून जाऊन दुसऱ्यातून परतत होता. ३० मिलीअँपिअरच्या फरकाला तो पडणारच.

खरी भीती पुढेच होती. नुसता हॉलचा एमसीबी (त्या सर्किटचा स्विच) पाडून मी न्यूट्रलचा तो काळा जोड सोडला असता, तर चालू फ्रिजमधून सुट्या टोकावर २३० व्होल्ट आले असते. फेज बंद असूनही!

मेन पाडली, मल्टिमीटरने खात्री केली, मग दादांनी हॉलच्याच न्यूट्रल लिंकवरून (डीबीत हॉलच्या न्यूट्रल जिथे जोडतात तिथून) पट्टीला वेगळी काळी वायर ओढली. आता प्रत्येक न्यूट्रलवर सर्किटचा नंबर आहे.