संगणक बिघडायच्या आधी करून ठेवायची तयारी

घरच्या संगणकाची काळजी म्हटली की लोक आधी अँटिव्हायरस शोधायला लागतात. माझ्या यादीत तो बराच खाली आहे. सगळ्यात वर आहे बॅकअप, कारण मशीन नवीन आणता येतं, मुलांचे लहानपणचे फोटो आणता येत नाहीत.

तेव्हा आधी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या आणि फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइली तिच्यावर उतरवा. जाणकार ३-२-१ सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवली तरी चालेल. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवायची. ती कायम जोडलेली राहिली, तर रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) संगणकातल्या फाइलींबरोबर तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतं. आणि घेतलेला बॅकअप उघडून बघाच. माझ्या डिस्कवर फोटोंचं फोल्डर होतं, नावं नीट दिसत होती. गरज पडली तेव्हा एकेक फोटो वरून अर्धा उघडायचा आणि खाली नुसता करडा पट्टा. दोन वर्षांचे फोटो असे गेले. आता महिन्यातून एकदा डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाच-सहा फाइली उघडून बघते.

मग अपडेट. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला, पण तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. 'नंतर आठवण करा' या बटणाची किंमत कधीकधी इतकी मोठी असते. विंडोज १० वापरत असाल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीनवर विंडोज ११ चालत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा. ब्राउझर आणि राउटर यांनाही अपडेट लागतात, आणि राउटरचा कंपनीनं दिलेला ॲडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा असतो.

पासवर्ड बदलायला ईमेलपासून सुरुवात करा. बाकी सगळ्या खात्यांच्या 'पासवर्ड विसरलात' च्या लिंका तिथेच येतात, त्यामुळे ईमेल गेलं की मागोमाग बाकीचंही जातं. तिथे टू-स्टेप (पासवर्डानंतर आणखी एक खात्री) लावा आणि फोन हाताशी नसेल तेव्हा वापरायचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. त्याच कागदावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की उतरवून घ्या. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. एखाद्या दिवशी निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागितले जातात आणि ते जवळ नसले तर डेटा समोर असून हाती लागत नाही. ही की संगणकातच सेव्ह करून काही उपयोग नाही.

रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं साधं खातं वापरा. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेंशन (फाइलच्या नावाचं शेवटचं टोक) दिसेल असं सेटिंग करा, म्हणजे 'बिल.पीडीएफ' च्या शेपटीला लपलेलं ईएक्सई, म्हणजे ती फाइल प्रोग्रॅम असल्याची खूण, नजरेस पडेल. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. सांगतील ते ॲप टाकून स्क्रीन त्यांच्या हाती देऊ नका. अँटिव्हायरस म्हणून विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. दोन अँटिव्हायरस एकत्र घातले तर ते एकमेकांच्या पायात येतात.

राहिली साफसफाई. मशीन बंद करून, वायर काढून, पंख्याचं पातं बोटानं धरून ब्लोअर मारा, नाहीतर हवेच्या झोतानं पंखा गरगरून बिघडू शकतो. एसएसडी (चिपवर चालणारी, फिरती तबकडी नसलेली डिस्क) असेल तर डीफ्रॅगच्या, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याच्या, नादी लागू नका. जुन्या हार्ड डिस्कमधून मात्र टक-टक असा आवाज येऊ लागला, तर पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.