फेब्रुवारी-ऑगस्टच्या आधी

लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. त्याची मराठी मार्गदर्शिका सांभाळणाऱ्याने महिनाभर आधीच बाह्या सरसावाव्यात.

पहिल्यांदा रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीतल्या बदलांची यादी, वाचायच्या, पण ‘नवीन काय’ यापेक्षा ‘बदललं काय’ यावर बोट ठेवून. नव्या सोयीवर पान नसेल तर कुणाचं फारसं अडत नाही. जुनं पान खोटं ठरलं की पंचाईत होते. आमच्याकडे एक ओळ होती: टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन ऑटोरिकव्हरीच्या (काम अचानक बंद पडलं तर ते परत मिळवून देणाऱ्या सोयीच्या) चौकोनावर क्लिक करा. २४.२ या आवृत्तीपासून त्या चौकोनात टिक मुळातच असते. म्हणजे बिचारा वाचक सांगितल्याबरहुकूम क्लिक करणार आणि चालू असलेली सोय बंद करून बसणार! तेव्हापासून आम्ही ‘क्लिक करा’ लिहीत नाही, ‘टिक आहे ना, ते बघा’ लिहितो. मॅकवर हाच रस्ता प्रेफरन्सेसमधून जातो, तेही त्याच ओळीत हवं.

मग प्रत्येक कृती स्वतः करून बघायची, तीही सेफ मोडमध्ये, म्हणजे आपल्या सेटिंग्ज बाजूला ठेवून लिबरऑफिस सुरू करायच्या पद्धतीत. आपल्या रोजच्या प्रोफाइलमध्ये टूलबार इकडेतिकडे हलवलेले असतात. नवख्याला दिसतो तसा कोरा पडदा सेफ मोडमध्येच मिळतो. स्क्रीनशॉटही तिथलेच घ्यावेत, पण मेनूतले शब्द पक्के झाल्यावर, पुढे बदलणार नाहीत अशा वेळी. घाई केली की दोनदा काढावे लागतात.

शब्दांचं म्हणाल तर एकच तक्ता ठेवा. एका पानावर ‘जतन करा’, दुसऱ्यावर ‘साठवा’ आणि मेनूत तिसरंच काही, असं झालं की वाचक ते बटण शोधतच राहतो. वाद घालत बसू नका, मेनूत जे आहे तेच लिहा. ते आवडत नसेल तर वेब्लेटवर, म्हणजे लिबरऑफिसचं भाषांतर जिथे होतं त्या संकेतस्थळावर, जाऊन मेनूचं भाषांतर सुधारा. तिथे मूळ इंग्रजी वाक्य बदललं की जुन्या मराठीवर ‘फेरतपासणी हवी’ अशी खूण लागते. ती न वाचताच काढून टाकायचा मोह होतो, मलाही झालाय.

तुटलेले दुवे तपासायचं काम स्क्रिप्टवर सोडा. आवृत्तीचा आकडा मात्र एकाच जागी असू द्या. २०२४ च्या फेब्रुवारीत ७.६ नंतर एकदम २४.२ आलं, वर्ष आणि महिना मिळून, तेव्हा पानापानांत विखुरलेले ‘७.६’ वेचता वेचता आमचे दोन रविवार गेले.